परतीची वाट

"...मग माझ्याकडे कुणी का येत नाही, बाबा?"

मुकुंदराव घैसासांनी हे विचारलं, तेव्हा नारबाबा घाटावरच्या मठीच्या पायरीवर बसून टाच खाजवत होते. उत्तराची घाई त्यांना कधीच नसे.

"कुणाला काय दिलं नाही मी? पुतण्याला नोकरीला लावलं. बहिणीकडे फ्रिज माझा, पंखे माझे. आणि माझ्या दाराची बेल वाजवतो फक्त दूधवाला!"

"हं."

"नुसतं हं?"

"ऐकतोय की."

मुकुंदराव मनातून चिडले. वीज खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस. समोरच्यानं उभं राहून उत्तर द्यावं याची सवय. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ते घरात दिवसभर रेडिओ लावून ठेवत, कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. हे मात्र त्यांनी बाबांना सांगितलं नाही.

आज भाऊबीज. धाकटी बहीण सिंधू घाटाखालच्या गावात राहायची. काल तिनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "अण्णा, यंदा जेवणार असशील तरच ये. दारात वस्तू ठेवून उभ्या उभ्या पळणार असशील, तर येऊच नकोस. अरे, कुरिअरवालासुद्धा पाणी पिऊन जातो."

"आता हिला काय सांगू?" मुकुंदराव म्हणाले. "लहानपणी वार लावून जेवलोय मी. सात वार, सात घरं. बुधवारच्या काकू वाढताना भांडं आपटायच्या. तेव्हाच ठरवलं, पुन्हा कुणाचा मिंधा व्हायचं नाही."

"बहिणीचाही?"

"कुणाचाही."

बाबा उठले आणि तांब्या घासायला गेले. म्हणजे भेट संपली.

मुकुंदराव गाडीत बसले. मागच्या सीटवर सिंधूसाठी घेतलेला मिक्सर होता. दारात ठेवू आणि निघू, रागावली तर रागावली, असा विचार करत त्यांनी किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली.

टक्. इंजिन काही घुमेना.

"काय झालं रे?" बाबांनी तिथूनच विचारलं. ते सगळ्यांनाच अरेतुरे करत.

"काही नाही, काही नाही. तुम्ही बसा. माझं मी बघतो."

बॉनेट उघडलं. हॉर्न खणखणीत, दिवे लख्ख. बॅटरी गेल्याच महिन्यात बदललेली. इंजिन फिरवणाऱ्या सेल्फला जाणारी तार त्यांनी इथपासून तिथपर्यंत तपासली, आवळलेलं पुन्हा आवळलं.

टक्.

धक्का मारायला रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी मोबाईल काढला आणि नावं वरपासून खालपर्यंत सरकवली. या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी मदत केली होती. 'जरा ये रे, अडकलोय' असं म्हणता येईल असं त्यात एकही नाव सापडेना. मोबाईल खिशात टाकताना त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

तेवढ्यात बाबा शेजारी येऊन बॉनेटमध्ये डोकावले.

"अर्थ लागत नाहीये."

"बाबा, हात जोडतो, आता अध्यात्म नको!"

"अध्यात्म कुठलं आलंय, खुळ्या? गाडीच्या अर्थिंगचं सांगतोय. बावीस वर्षं ट्रकांचं वायरिंग केलंय मी. दाढी नंतर वाढवली."

मुकुंदराव बघतच राहिले.

"सेल्फला वीज जाते, ती तार बघितलीस?"

"दोनदा."

"तिथून वीज परत कुठून येते?"

"इंजिनातून... बॉडीतून... बॅटरीत."

"ती वाट बघितलीस?"

सगळी नोकरी विजेत गेली आणि हे सुचू नये! मुकुंदरावांचे कान तापले.

बाबांनी वाकून इंजिन आणि बॉडी यांच्यामधली जाड पट्टी दाखवली. बोल्टापाशी ती गंजून हिरवी-पांढरी झाली होती.

"दिव्यांची, हॉर्नची वीज बॉडीतूनच परतते, ती या पट्टीवर येतच नाही. सेल्फची मात्र इंजिनातून याच पट्टीवरून परतते. जायला हमरस्ता आणि परत यायला वाटच नाही. मग काय, नुसतं टक्."

त्यांनी पत्र्याच्या तुकड्यानं गंज खरवडला, पाना मागून घेतला, बोल्ट आवळला.

"हां, मार आता."

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. मुकुंदराव लहान पोरासारखे हसले आणि हसता हसताच त्यांचा हात खिशात गेला. त्यांनी नोट पुढे केली. बाबांनी ती घेतली आणि न बघताच बंडीत खोचली.

मुकुंदराव जरा बिचकले. "मला वाटलं, नको म्हणाल."

"मागून खाणारा माणूस मी. नको म्हणायची खोड केव्हाच मोडली."

मग बाबांनी खांद्यावरच्या झोळीत हात घातला. अर्धी भाकरी निघाली, तिच्यावर लसणाची चटणी. ती त्यांनी गाडीच्या खिडकीतून आत धरली.

"आजचीच आहे. सकाळी वाडीवर मागून आणली."

मुकुंदरावांचा हात स्टिअरिंगवरून सुटला. थोडासा वर आला... आणि मांडीवर पडला.

"नको बाबा, मी..."

कुणी आपल्या हातात शेवटचं काही दिलं होतं, ते कधी? त्यांना आठवेना.

इंजिन चालू होतं. घाटाखाली ऊन कलायला लागलं होतं. सिंधूनं पाट मांडला असेल, किंवा नसेलही.

"अरे, घे की लवकर," बाबा म्हणाले, "माझा हात दुखायला लागला."