आंबेखोलच्या पुलावरची हाक

आंबेखोलच्या पुलावर उभे राहिले की समोर डोंगराच्या पोटात शिरलेले वीजघर दिसते. देशातल्या सर्वांत मोठ्या वीजघरांत त्याची गणना होते. यंत्रे सुरू होण्याआधी इथे तीनदा भोंगा वाजतो. मग पुलावरचा पहारेकरी कठड्यावरून वाकतो आणि खालच्या कोरड्या पात्रात हाक मारतो, "बायजा, वर ये!" वर कोणी येत नाही. पाव तास वाट पाहून यंत्रे फिरतात. पाहुणे बुचकळ्यात पडतात. मग निवृत्त पहारेकरी धाकूआबा त्यांना सगळी हकीकत समजावून सांगतात आणि पाहुणे आणखी बुचकळ्यात पडतात.

असे सांगतात की, वीजघर झाले तेव्हा नदीकाठचे गाव वर हलवले आणि निनाईदेवीलाही उचलून वीजघराच्या दाराशी बसवले. तिला हे मानवेल का, हे विचारायचे राहून गेले. अर्जात तसा रकाना नव्हता. देवीला उचलणारा रखमाजी गुरव तेव्हापासून धास्तावला होता. पहिले यंत्र सुरू व्हायच्या दिवशी तो अडून बसला, आधी कौल घेतला पाहिजे. मोठ्या साहेबांनी जमलेल्या गावाकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि दहा मिनिटे मंजूर केली.

रखमाजीने देवीच्या दोन्ही खांद्यांना चाफ्याची ओली फुले लावली. उजवे पडले तर हो, डावे पडले तर नाही. यंत्र सुरू करावे का, म्हणून त्याने विचारले. डावे पडले. साहेबांनी प्रश्न उलटा करायला सुचवले, तेव्हा नवी फुले लावून त्याने विचारले, बंदच ठेवावे का? पुन्हा डावेच पडले.

असा पेच रखमाजीच्या बापानेही कधी सोडवला नव्हता. गाव साहेबांकडे पाहू लागले, साहेब रखमाजीकडे, रखमाजी देवीकडे. देवी समोर पाहत होती.

परडी रिकामी झाली होती. वापरलेले फूल पुन्हा लावायचे नाही, असा दंडक. रखमाजीने मान न वळवताच बायकोला, बायजाला, फुले आणायला सांगितले आणि आपण कुठे चुकलो ते आठवत बसला. आपण देवीला उचलले तेच चुकले की काय, इथपर्यंत तो मागे गेला. बराच वेळ झाला. शेवटी साहेब म्हणाले, "गुरव, देवीचं दोन्हीकडून नाही आहे. म्हणजे तिची हरकत नाही." हे रखमाजीला पटले नाही, पण बरे वाटले. साहेब आत गेले.

आणि तेव्हा रखमाजीच्या ध्यानात आले की वरच्या गावात चाफाच नाही. चाफा खाली, नदीच्या पात्रात, जुन्या देवळापाशी होता. यंत्र फिरले की त्याचे सगळे पाणी तिथूनच जाणार होते.

त्याने आत धावत जाऊन साहेबांचे मनगट धरले.

"साहेब, माझी बायको नदीत आहे."

"तिला तिथे कोणी पाठवलं?"

"मीच."

साहेबांनी यंत्राच्या कळीवरचा हात मागे घेतला. भोंगा वाजवला, सगळे गाव पुलावरून हाका मारू लागले. पाव तासाने ओटीत फुले घेऊन बायजा चढ चढून आली. "एवढं ओरडायला काय झालं? येतच होते की," ती म्हणाली. तिसरा कौल कोणी लावला नाही. ती फुले तशीच देवीपुढे ठेवली आणि यंत्र सुरू झाले.

देवीने बायजाला वाचवले, असे आबा इथे सांगतात. त्यावर एखादा पाहुणा हमखास विचारतो की, पहिल्याच फुलाला देवी हो म्हणाली असती, तर बायजा खाली गेलीच नसती. मग वाचवले कसे?

"आमची आजी हेच म्हणायची," आबा म्हणतात. "बायजा म्हणजे माझी आजी. तिचा देवीवर राग नव्हता. आजोबांवर होता. न बघता पाठवलं, म्हणायची."

आजही भोंग्यानंतर ती हाक मारली जाते. नवा साहेब आला की पहिल्या आठवड्यात विचारतो, हे कोणत्या नियमात बसते? दुसऱ्या आठवड्यापासून तोही पुलावर येतो आणि हाक मारून झाली की कठड्यावरून वाकून एकदा खाली बघतो.