सुभानाची कावड

नेमकी किती वर्षं झाली ते मला विचारू नका. ऐनवड्यात तेव्हा पूल नव्हता, शाळा नव्हती आणि उसाचा घाणा बैल फिरवायचे, एवढं धरून चाला. त्या काळी आमच्या गावात सुभाना कोळी नावाचा पाणक्या होता. मी सांगत असताना मध्ये उठून जायचं नाही, मला खपत नाही.

या सुभानाच्या पायाला भिंगरी होती. नदीवर जायचं, कावड भरायची, कुणाचा तरी रांजण भरायचा, पुन्हा नदी. भाकरीसुद्धा उभ्यानं खायचा. स्वतःच्या लग्नात बोहल्यावरून दोनदा उठून गेला होता, असं म्हणतात.

एवढं पाणी आणायचा, पण त्या पाण्याला गावात मान नव्हता. ऐनवडं म्हणजे गुऱ्हाळांचं गाव. पाहुण्यापुढे नुसतं पाणी ठेवलं तर तो त्याचा अपमान. त्याला तांब्याभर रस द्यायचा, आणि हंगाम सरला की काकवी कालवलेलं सरबत. पाणी म्हशींना आणि भांड्यांना. गुऱ्हाळावर तर पाण्याचं नावच काढायचं नाही. हंगामात गुळव्यानं, म्हणजे गूळ शिजवणाऱ्यानं, नुसतं पाणी प्यालं तर गुळाची ढेप बसत नाही, अशी साऱ्या गावाची पक्की समजूत. तिथं पाणी असायचं ते एका वाटीत, पाकाची गोळी वळते का ते बघायला.

गावचा गुळव्या होता शिदू, सुभानाच्या थोरल्या बहिणीचा, बनाक्काचा नवरा. काहिलीतला, म्हणजे त्या मोठ्या कढईतला, पाक कधी उतरवायचा ते तो रंगावरून ओळखायचा. त्याच्या हातचा गूळ सोन्यासारखा पिवळा. पण चाळिशी ओलांडली आणि शिदूला काहीतरी झालं. उसासारखा उंच माणूस, वाळायला लागला. चुलवाणाशी पाय भाजला, ती जखम चार महिने भरेना. आणि तहान! रस प्याला की तहान लागायची आणि तहान लागली की रस प्यायचा. दिवसातून वीस वेळा कुंपणाकडे पळायचा. हे एकट्या शिदूचं नव्हतं, चाळिशीच्या पुढची निम्मी माणसं अशीच कुंपणाकडे जा-ये करत होती, आणि त्यातल्या दोघातिघांचे डोळेही गेले होते. एक माणूस घडीभर स्वस्थ बसेल तर शपथ.

एका सकाळी सुभानाला मुंग्यांची रांग दिसली. गुळाच्या कोठीकडे निघाल्या असतील, असं त्याला वाटलं. पण रांग कोठीला वळसा घालून कुंपणाशी गेली, जिथं बापई माणसं उभी राहायची तिथं. तिथून पाटलांच्या मोरीकडे गेली. आणि तिथून बनाक्काच्या घरात शिरून शिदूच्या पायाच्या चिंधीवर चढली. मुंग्यांनी गूळ सोडला होता आणि माणसं धरली होती.

त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. नदीवर जाता-येता तो एकच विचार करायचा. म्हशी पाणी पितात, त्या धडधाकट. मी पाणी पितो, मला रस परवडत नाही, मीही धडधाकट. मग त्यानं एक ऊस सोलून खाऊन बघितला. निम्म्यातच जबडा दुखला आणि पोट म्हणालं, पुरे. शिदूच्या तांब्यात तसे तीन ऊस असायचे, आणि ते एका दमात खाली जायचे. पोटाला कळायचंच नाही. दिवसाला आठ तांबे. सुभानानं डोक्याला हात लावला.

तो तडक गुऱ्हाळावर गेला.

"दाजी, रस सोडा. माजं पानी प्या," तो म्हणाला.

"हंगामात पानी?" शिदू हसला. "ढेप बसली न्हाई तर गाव मला उभं ऱ्हाऊ देईल व्हय?"

"आन् डोळं गेलं तर?"

शिदूनं काहिलीकडे तोंड वळवलं. पाकाचा रंग हल्ली धुरकट दिसतो, हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तेव्हा सुभानानं भरलेली कावड खांद्यावर घेतली आणि साऱ्यांसमोर सांगितलं, "दाजी यातलं पानी पिस्तवर ही खाली ठेवनार न्हाई." आणि तो गुऱ्हाळाभोवती चालू लागला.

बाळगोंडा पाटील धापा टाकत आले. पोट एवढं सुटलेलं की त्यांना स्वतःचे जोडे दिसत नव्हते. "ह्याच्या पान्यापायी येक जरी काहील नासली, तरी सुभान्यानं गाव सोडायचं," असं त्यांनी बजावलं. सुभाना म्हणाला, "सोडतो की." आणि चालत राहिला.

अकरा दिवस तो चालला, असं म्हणतात. बनाक्का त्याच्यासोबत चालत त्याला घास भरवायची, आणि रडायची. भाऊ कोसळणार की आधी नवरा, हे तिला कळत नव्हतं. खांदा सोलला, पायाखालची वाट गुडघाभर खोल गेली, पण मडक्यांतलं पाणी उन्हानं एक थेंब कमी झालं नाही. लोक आधी हसले, मग चिडले, मग त्यांना बघवेना. बैलसुद्धा घाणा ओढताना मान वळवून त्याच्याकडे बघायचे.

अकराव्या दिवशी दुपारी काहील भरात होती. शिदूनं गोळी बघायला वाटीकडे हात नेला. वाटी डावीकडे होती आणि त्याचा हात गेला उजवीकडे, थेट उकळत्या पाकावर. कुणी ओरडायच्या आत सुभाना मध्ये घुसला. कावड तशीच खांद्यावर, हात गुंतलेले, म्हणून त्यानं छातीनंच दाजीला मागे रेटलं. पुढचं मडकं शिदूवर पालथं झालं. शिदू चिखलात बसला, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, आणि सुभाना त्याच्यासमोर डगमगत उभा.

"दिसत न्हाई व्हय, दाजी?"

"न्हाई रं," शिदू म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडला. मग त्यानं मागचं मडकं दोन्ही हातांनी ओढलं आणि तोंड लावलं.

तेव्हा कुठे सुभानानं कावड खाली ठेवली.

गाव श्वास रोखून काहिलीकडे बघत होतं. पाकाचा रंग बनाक्कानं बघून सांगितला, शिदूनं गोळी वळली, गड्यांनी काहील उतरवली. पाणी प्यालेल्या गुळव्याच्या हातूनच पाक साच्यात पडला. आणि ढेप बसली! अशी बसली की फोडायला कुऱ्हाड आणावी लागली, असं म्हणतात.

पाण्यात काही जादू नव्हती बरं का. रस पोटात जायचा थांबला, एवढंच. शिदूची तहान हळूहळू उतरली, चिंधीवरच्या मुंग्या दोन महिन्यांनी निघून गेल्या आणि जखम भरली. उजवा डोळा मात्र गेला तो गेलाच. डाव्या डोळ्यावर त्यानं आणखी वीस वर्षं गूळ केला. पाटलांनी काही ऐकलं नाही. पुढच्या संक्रांतीला पाटील नव्हते.

सुभाना दोन दिवस झोपला, जन्मात पहिल्यांदा. उठला तो शेजारच्या गावात मुंग्या दिसल्याचं ऐकून कावड घेऊन निघाला, तिथून पुढच्या गावी, आणि तसाच पुढे. तो कुठे थांबला ते कुणालाच माहीत नाही.

आमच्याकडे अजून हंगामाच्या पहिल्या दिवशी गुळव्या आधी पाणी पितो. पाहुण्याला आधी पाणी, मग हवा तर वाटीभर रस. आणि गावात कुणाची तहान वाढलेली दिसली, तर त्याच्या घरचंच माणूस भरलेली कावड घेऊन दारात उभं राहतं. बोलायचं काही नाही. आतला माणूस पाणी पिईपर्यंत कावड खाली ठेवायची नाही.

आता रसाचं कोण एवढं करतंय, दुकानात गोड पेयांच्या रंगीत बाटल्या आल्यात. पिठाच्या डब्यामागे मी चार लपवल्या होत्या, आणि कुणाला कळत नाही असं मला वाटत होतं. मागच्या चैत्रात दारात बघते तर माझा धाकटा भाऊ, दत्तू. पासष्ट वर्षांचा, कंबरेला पट्टा, आणि खांद्यावर कावड. मला असा राग आला म्हणून सांगू! दार लावून घेतलं. आत येरझाऱ्या घातल्या, भांडी आदळली, दोनदा फटीतून बघितलं. तो उभाच. ऊन उंबऱ्यावर चढलं, त्याचे पाय थरथरायला लागले, तरी खाली ठेवेना मेला.

मग दार उघडलं आणि प्याले.