कंकोळाचे मीठ

एका राज्यात अशी रीत होती की गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. वाक्य संपले की 'हूं' म्हणायचे, मगच सांगणारा पुढे सरकायचा. हुंकार थांबला की गोष्टही तिथेच थांबायची, मग ती देवाची असो की दरोडेखोराची. ही रीत राजालाही चुकली नव्हती. दरवर्षी जत्रेच्या चौकात कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात राजाची गोष्ट लागे, आणि दर बाराव्या वर्षी तिचा कौल धरत. प्रजेने हुंकार दिला तर राजा पुन्हा बारा वर्षे गादीवर. नाही दिला तर मुकुट चौकातच उतरवायचा आणि नेसत्या वस्त्रानिशी वेशीबाहेर जायचे.

त्या राज्याचा राजा धैर्यशील. नाक सरळ, तलवार सरळ, आणि लोकांच्या समजुतीप्रमाणे मनही सरळ. राजपुत्र असताना त्याने कंकोळ मांत्रिकाला मारले होते. या कंकोळाला थोरल्या महाराजांच्या पंगतीत शेवटच्या पानावर बसवले होते, आणि मीठ वाढणारा त्याला ओलांडून गेला होता. बस, एवढ्यावरून त्याने सगळ्या राज्यातल्या मिठाची चव काढून घेतली. सात महिने लोक अळणी आमटी जेवले. लोणची नासली, सासवा सुनांवर आणि सुना नवऱ्यांवर खेकसू लागल्या. मग धैर्यशील एकटा डोंगरावर गेला, कंकोळाचे मस्तक उतरवून आला, आणि त्याच संध्याकाळी घरोघरी आमटीला चव आली. त्याच वर्षी तो गादीवर बसला. अशा राजाला हुंकाराची काय वाण, असे कुणालाही वाटेल.

पण वाण होती. गोजाई नावाची म्हातारी दरवर्षी जत्रेत हाच खेळ लावी. अकराव्या वर्षी राजा घोंगडी पांघरून गर्दीत जाऊन बसला. पडद्याआडून काथ्याची लाल दाढी लावलेला कंकोळ आला, कवडीचा एक डोळा गरगर फिरवत म्हणाला, "माझं पान अळणी, तर सगळ्यांचं पान अळणी." तसे लोक सरसावून बसले. असा हुंकार उठला की झाडावरचे कावळे उडाले. मग रेशमी अंगरख्यात धैर्यशीलाची बाहुली आली. एकजण फुटाणे आणायला उठला. एका बाईने पोराला आडोशाला नेले. दोघे शेतकरी एकमेकांच्या बैलांची चौकशी करू लागले. गोजाईने हुंकाराची वाट पाहिली, शेवटी स्वतःच खाकरली आणि कसेबसे मस्तक उडवून पडदा ओढला.

राजा घोंगडी सावरून उठला. जिवंत शत्रूचा मत्सर परवडतो, तो निदान म्हातारा तरी होतो. मेलेला शत्रू दरवर्षी नवी दाढी लावून येतो, त्याचे काय करायचे? परतताना त्याने गल्लीत पोरे खेळताना पाहिली. सहाच्या सहा पोरांना कंकोळ व्हायचे होते. ज्याच्यावर राज्य आले त्याला धैर्यशील व्हावे लागले, आणि तो बिचारा मुसमुसत काठीची तलवार ओढत उभा होता. ते पाहून राजाला त्या रात्री जेवण गेले नाही.

त्याने फर्मान काढले की कंकोळाला कुणी तोंड उघडून हुंकार देऊ नये. लोक आज्ञाधारक होते, ते तोंड मिटून नाकातून हुंकार देऊ लागले. बारावी जत्रा तीन महिन्यांवर आली. तेव्हा राजा पिंजऱ्याजवळ गेला. पिंजऱ्यात कंकोळाची साळुंकी होती. राजाने ती विजयाची खूण म्हणून आणली होती, आणि आणल्यापासून ती अवाक्षर बोलली नव्हती.

"कंकोळाचा हुंकार मला कसा मिळेल?" राजाने विचारले.

साळुंकी बोलली. "तीन वस्तू आण, राजा. कंकोळाची मिठाची थैली. कंकोळाचे अळणी पान. आणि गोष्टीतून गाळलेला दिवस. तिन्ही चौकात मांड, हुंकार तुझा."

तिसऱ्या वस्तूचे नाव ऐकून राजाचा चेहरा उतरला. पण दोन तर आणू, पुढचे पुढे, असे म्हणून तो निघाला.

थैली होती कंकोळाच्या गुहेत, शापित खजिन्याच्या राशीवर. त्या सोन्याला हात लावील तो सोन्याचा होई. असे चार चोर तिथे उभे होते, एकाचे तोंड अजून उघडेच होते. राशीवर म्हातारा नाग वेटोळे घालून होता. त्याने विचारले, कंकोळ हल्ली दिसत नाही, बरा आहे ना? राजा म्हणाला, मेला. नाग हळहळला. म्हणाला, तो यायचा तेव्हा मला गोष्टी सांगायचा. तू एखादी सांग, मग हवे ते ने. राजाने मोठ्या उमेदीने स्वतःचीच गोष्ट सुरू केली. तिसऱ्या वाक्याला नाग गाढ झोपला. राजाने तलवारीच्या टोकाने थैली अलगद उचलली. काम फत्ते झाले होते, पण त्याला रडू यायचे तेवढे बाकी होते.

पान होते विसरतळ्याच्या तळाशी. लोक जे जे विसरतात ते त्या तळ्यात जाऊन पडते, आणि एक जखीण ते राखते. ती म्हणाली, "पानावर बस. पंगत उठेपर्यंत उठायचं नाही. मग पान तुझं." राजा बसला. पाण्यात पंगत मांडली गेली. अदृश्य वाढपी भात घेऊन आले, त्याला ओलांडून गेले. वरण आले, ओलांडून गेले. मीठ आले, शेजाऱ्याच्या पानात पडले, आणि वाढप्याची पावले राजाच्या पानाशी क्षणभरही न थबकता पुढे गेली. राजाने वर पाहिले नाही. आपल्याकडे कुणी पाहत नाही ना, एवढीच त्याला भीती होती. माध्यान्ही पंगत उठली तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. इथेही आपल्या आधी कंकोळच बसून गेला, हा सल वेगळाच.

दोन वस्तू घेऊन तो गोजाईकडे गेला आणि म्हणाला की गोष्टीत एक सिंह घाल, धैर्यशील त्याचा जबडा फाडतो असे दाखव. गोजाई दोऱ्यांचा गुंता सोडवत होती. ती म्हणाली, "घालते, महाराज. पण एक विचारू? डोंगर चढायला एक दिवस लागतो, उतरायला एक. आपण परत आलात तिसऱ्या दिवशी. मधला दिवस आपण मला कधी सांगितलाच नाही. मी बाहुलीला काय शिकवणार?"

राजा तडक उठून आला.

बाराव्या वर्षाची जत्रा भरली. चौकात मुंगीला वाट नव्हती. राजा रीतीप्रमाणे मुकुट घालून समोर बसला, शेजारी साळुंकीचा पिंजरा. कंकोळ आला आणि नाकातून निघालेल्या हुंकाराने चौक घुमला. मग धैर्यशील आला. सिंहाचा जबडा फाटला. एकजण फुटाणे आणायला उठला. गोजाई थांबली. रीतीप्रमाणे तीन श्वास थांबायचे. पहिला गेला, दुसरा गेला.

राजा उठला. त्याने थैली आणि पान खाली मांडले, गोजाईच्या हातून स्वतःच्या बाहुलीच्या दोऱ्या घेतल्या. बाहुली डोंगर चढू लागली. आणि तो सांगू लागला.

"मी डोंगर चढलो तेव्हा माझे पाय लटपटत होते."

फुटाण्यांना निघालेला वळून पाहू लागला.

"मी कंकोळाचं दार ठोठावलं आणि भूक लागली म्हणून सांगितलं. त्याने मला ओळखलं. तरी भाकरी भाजली. राज्यातलं शेवटचं खारट मीठ त्याच्या थैलीत होतं, चिमूटभर. ते त्याने माझ्या पानात वाढलं आणि स्वतः अळणी खाल्लं. मी त्याचं मीठ खाल्लं आहे."

"हूं," पिंजऱ्यातली साळुंकी म्हणाली. मागून कुणीतरी म्हणाले, "हूं."

"दुसरा दिवस मी त्याच्याच घरी होतो. तो म्हणाला, उद्या तुझ्याबरोबर खाली येतो. तुझ्या बापाने माझ्या पानात चिमूटभर मीठ वाढावं, मी सगळ्यांचं मीठ परत करतो. मी वचन दिलं."

"हूं," चौक म्हणाला.

"मग माझ्या मनात आलं, मीठ यानेच नेलं आणि यानेच परत दिलं, तर गोष्ट सगळी याचीच. माझ्या वाट्याला काय उरलं? पहाटे तो मला पाणी द्यायला रांजणाशी वाकला. मी मागून वार केला. जाताना तो म्हणाला, 'मीठ घे. हुंकार मी नेतो.'"

कुणी हलले नाही. पुन्हा पहिला श्वास गेला, दुसरा गेला, तिसरा संपत आला. राजाने एका हाताने मुकुट काढायला घेतला. तेवढ्यात सगळ्या चौकाने हुंकार दिला, जड, खालच्या सुरात, तोंड उघडून. त्यात कौतुक नव्हते, क्षमाही नव्हती. त्यांना पुढे काय झाले ते हवे होते, आणि हुंकार त्याचसाठी असतो.

"पुढे?" एका म्हाताऱ्याने विचारले.

राजाने थैली झटकली. तळाशी चार खडे अडकले होते. ते त्याने वाकून कंकोळाच्या पानात वाढले. बारा वर्षांचे वाळके पान हिरवे झाले. साळुंकीचा पिंजरा आपोआप उघडला, तिने एक खडा चोचीत घेतला आणि ती डोंगराकडे उडून गेली. तिकडे गुहेत चारही चोर हातपाय झाडून घरी निघाले. राजाचा मुकुट राहिला, फर्मान मात्र त्याने स्वतःच्या हाताने फाडले. तेव्हापासून त्या राज्यात पंगत बसली की पहिले पान कंकोळाचे मांडतात आणि त्यात राजा मीठ वाढतो.

पोरांचा खेळ अजून चालतो. आता धैर्यशील व्हायलाही भांडणे होतात, कारण त्याच्या वाट्याला एक वाईट काम आले आहे आणि ते करताना घशात आवंढा आणावा लागतो. राजा सज्जातून ऐकतो. परवा त्याने पाहिले, सहा पोरांत दोघांना राजा व्हायचे होते आणि चौघांना कंकोळ. राजाला जरा लागलेच. पण तो खाली उतरला, पोरांना म्हणाला, आज मी कंकोळ होतो, आणि काथ्याची लाल दाढी मागून घेऊन हनुवटीला बांधू लागला.

ज्याने ऐकली त्याने हुंकार द्यावा, ज्याने सांगितली त्याला पाणी द्यावे.