झिपरूचं पहिलं घरटं

फार मागे, नदीकाठच्या बाभळीवर झिपरू नावाचा सुगरण पक्षी घरटं विणत होता. पौर्णिमेला घर देईन, असा शब्द त्याने बायकोला, पिवळीला, दिला होता.

शेजारचा बुलबुल म्हणाला, "अरे, आत मातीचा लेप नाही. तारीख पुढे ढकल."

"अंडी थांबतात होय? वीण पक्की आहे, लेप मागाहून देईन."

पौर्णिमेला पिवळी आत गेली आणि दुसऱ्याच दिवशी तिने अंडी घातली. वाऱ्यावादळातही घरटं टिकलं. पुढे झिपरूने लेप दिला, तेव्हा बुलबुल म्हणाला, "आता याला दुसरं घरटं म्हण, रुबाब वाढेल!"

"छे! ही पहिल्याचीच डागडुजी. नव्याने विणीन तेव्हा दुसरं म्हणेन."

"सावकाश विणा," आतून पिवळी म्हणाली, "पण आता हळू बोला, पिल्लं आत्ताच झोपलीत."