न चाखलेला बकलावा

तुर्कस्तानातल्या बकलाव्याची माहिती माझ्याइतकी अख्ख्या तालुक्यात कुणाला नसेल! खाल्लाय मात्र एकदाच, तोही दुसऱ्याच्या ताटातला, अर्धा. आपल्या पाकातल्या चिरोट्याचा मावसभाऊच समजा: कागदाहून पातळ पापुद्रे, आत पिस्ते, वरून पाक.

तर या बकलाव्यापायी एका सुलतानाच्या म्हाताऱ्या आचाऱ्यावर, इद्रीसवर, बालंट आलं. गेल्या ईदेला त्याचा बकलावा सपक निघाला होता. यंदा ईदेच्या आदल्या दुपारी सुलतान गरजला. उपाशी माणूस दुसरं काय करणार म्हणा!

"इद्रीस, उद्याचा बकलावा फक्कड झालाय याची आत्ता, माझ्यासमोर खात्री पटव! पण चाखायचा नाही, रोजा आहे. जिभेला लावून थुंकतो म्हणालास तरी चालणार नाही! खात्री पटली नाही, तर सूर्य मावळायच्या आत घर रिकामं कर!"

इद्रीसची मुलगी नफीसा बाह्या सरसावून पुढे आली.

"हुजूर, परीक्षक मी निवडू?"

"निवड! पण त्याचाही रोजा हवा. नाहीतर मांजर किंवा मुंग्या घेऊन येशील!"

नफीसानं भट्टीतलं गरमागरम ताट आणलं ते थेट सिंहासनासमोर, सुलतानाच्या नाकाखाली ठेवलं आणि त्यावर गार पाक ओतला. चर्रर्र! तुपाचा, पिस्त्यांचा घमघमाट सुटला. वजिरानं आवंढा गिळला. काझीसाहेबांची जपमाळ उलटी फिरू लागली.

"अगं, इतकं जवळ कशाला..." म्हणता म्हणता सुलतानाचा हात ताटात गेला. तुकडा उचलला. तोंडाशी नेला.

"हुजूर, रोजा!" काझीसाहेब किंचाळले.

तुकडा पुन्हा ताटात पडला.

"झाली परीक्षा!" नफीसा म्हणाली. "महिनाभर दिवसा पाण्याच्या थेंबाकडेही न पाहणारे हुजूर या ताटापुढे रोजा विसरले. याहून मोठा परीक्षक मी कुठून आणू?"

सुलतान असा हसला, की पगडी कानावर आली!

"इद्रीसचं घर कायम! आणि पोरी, तुला बाजारात स्वतःचं दुकान!" मग डोळे बारीक करून त्यानं तिला छेडलं, "पण उद्या खाल्ला आणि सपकच निघाला तर?"

"तर हुजूर, सपक मिठाईसाठी रोजा मोडायला निघाला होतात, हे काझीसाहेबांना तुम्हीच समजावून सांगा!"