एलोजीनं लवकर घातलेला अडसर

गप पडा सगळी. पाय पांघरुणात घ्या. मधे कोण बोललं तर गोष्ट बंद, बरं का.

एकदा काय झालं, खाडीकाठी एक शनवार तेली राहायचा. एलोजी त्याचं नाव. आपल्यातलाच, बेने इस्राएल. शनवारी घाणा बंद, बाकी दिवस बैल गरगर. बैल गरीब, मालक तापट. हसू नका, दात पाडीन.

त्याची बायको दीनाबाई पावसात तापानं पडली. म्हणाली, "अहो, वैद्याला बोलवा."

हा म्हणाला, "नाटकं पुरे कर." आणि घाण्यावर गेला. परत येतो तर ती गेलेली.

मग हा रडला नाय, काय नाय. नुसता पोरांवर ओरडायचा. मोठी मिलका, धाकटा सामू. घरात चूल पेटायची, पण घर थंड.

मग आला दारफाळणीचा सण. त्या सांजेला दार लावायचं, ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसल्यावरच उघडायचं. मधे राजा आला तरी उघडायचं नाय. पांढरे कपडे, कडक उपास. पण दार लावायच्या आधी घरातल्यांनी एकमेकांची माफी मागायची. आणि गेलेली माणसं त्याच सांजेला घरी येतात, दार लागायच्या आत. दार उघडल्यावर दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या शिळ्या सणाला परत जातात.

मिलकानं आईसाठी पाट मांडला. पाटावर आईचं पांढरं लुगडं घडी करून ठेवलं.

एलोजीनं ते बघितलं आणि भडकला. अजून ऊन होतं, तरी धाडकन दार लावलं, अडसर घातला.

सामू म्हणाला, "बाबा, आई यायची आहे."

"कोण येत नाय. गप बस!"

मग दारावर टकटक झाली. फटीतनं ऊन पिवळं दिसत होतं.

"वारा आहे," एलोजी म्हणाला.

मग बांगड्या वाजल्या. ऊन तांबूस झालं.

"शेजाऱ्याची बकरी आहे."

मिलका म्हणाली, "बकरी बांगड्या घालते का, बाबा? दिवस मावळला की दार उघडता यायचं नाय. आई बाहेरच राहील. तुम्ही आईला भिता का?"

एलोजीनं हात उगारला. मारला नाय, बरं का. तसाच वर राहिला.

मग दाराच्या तळाशी कुणीतरी नखांनी खरवडलं. हळू. फटीत आता एक लाल दोरा उरला होता उन्हाचा.

मग एलोजी धावला. अडसर ओढला. निघेना. खांदा लावला, लाथ घातली, शिव्या दिल्या. अडसर जागचा हलेना. लाल दोरा बारीक होत चालला.

मग तो मटकन खाली बसला. डोकं दाराला टेकलं. म्हणाला, "दीना, तू वैद्याला बोलवा म्हणालीस, मी गेलो नाय. चुकलो गं. पोरांनो, चुकलो मी." आणि रडला. बैलासारखा हंबरून रडला.

मग सामूनं एका बोटानं अडसर ढकलला. सरकला की!

दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. नुसता गार वारा आत आला. दिव्याची वात पाटाकडं वाकली. तेवढ्यात दिवस बुडाला, आणि एलोजीनं हळूच दार लावलं.

दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेतो तिघं पाटाजवळ बसून होती. भूक लागली, पण रडलं कोण नाय.

शिळ्या सणाला एलोजीनं गरिबांना तांदूळ वाटले. मग लुगडं उचललं. घडी मोडलेली, काठ दवानं ओला. त्यानं ते डोळ्यांना लावलं आणि पेटीत ठेवलं.

आई परत आली का? नाय. मेलेलं माणूस राहायला येत नाय. पण घर ऊबदार झालं, तिघं सुखानं राहिली. एलोजी ओरडायचा अजून, पण सांज व्हायच्या आत पोरांची माफी मागायचा.

झाली गोष्ट. कोण दाराकडं बघतंय? दार लावलंय. यायचं ते माणूस आत आलंय. झोपा.