कुंडातलं प्रवाळ आणि ऐनवेळचा विषय

एका जंगलाच्या अगदी कडेला, जिथे केवड्याचं बन संपून काळे खडक सुरू होतात, तिथे एक म्हातारं कासव राहत असे. आणि पुढे जे झालं त्याचा दोष त्याचाच होता. मुलांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अशा गोष्टींच्या शेवटी मोठी मंडळी घसा खाकरतात आणि म्हणतात, सगळ्यांचंच थोडं थोडं चुकलं. सगळ्यांचं चुकलं नव्हतं. कासवाचं चुकलं होतं.

त्या खडकांत एक कुंड होतं. बैलगाडीच्या चाकाएवढं रुंद, हंड्याएवढं खोल. त्यात एक प्रवाळ होतं. प्रवाळ दिसतं दगडाच्या झुडपासारखं, पण ते जिवंत असतं. त्याच्या अंगावर तिळाएवढी असंख्य तोंडं असतात. पाणी गार आणि ताजं असलं की ती उघडतात आणि झुडूप मोहरल्यासारखं दिसतं. पाणी तापलं की ती मिटतात. फारच तापलं की झुडूप पांढरं पडतं आणि मरतं. हे झुडूप कासवाने तरुणपणी बारा वाव, म्हणजे बारा माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या, खोल पाण्यातून पाठीवर घालून आणलं होतं. रोज सकाळी ते कुंडावर मान लांबवून त्याची विचारपूस करायचं, आणि एखादं जांभळं टोक नव्याने फुटलेलं दिसलं की दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटायचं. त्याचा जीव होता त्या झुडपावर, हे खरं आहे. जीव होता म्हणून दोष कमी होत नाही.

कुंडाची निगा राखायला 'प्रवाळप्रेमी मंडळ' होतं. कासव त्याचं अध्यक्ष. पहिल्या दिवसापासून तेच, कारण झुडूप त्याने आणलं होतं आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसे. बगळा चिटणीस. प्रत्येक सभेत कोण काय बोललं हे तो पाठ करून ठेवायचा आणि पुढच्या सभेत एका पायावर उभा राहून म्हणून दाखवायचा. कोल्हा अनुमोदन द्यायचा. ठराव कुठलाही असो, "माझं अनुमोदन आहे" एवढं म्हटलं की त्याचं काम संपलं. मग तो सभेनंतरच्या खाण्याची वाट बघत बसायचा. चौथा होता खेकडा. त्याला पद नव्हतं. शेवाळ खरवडणं, मेलेले मासे बाहेर काढणं आणि पाणी बदलणं ही कामं त्याच्याकडे होती. म्हणजे सगळीच.

पाणी बदलायची रीत अशी. कुंडाच्या समुद्राकडच्या भिंतीला वीतभर रुंद, तळापर्यंत गेलेली भेग होती आणि त्या भेगेत एक चपटा दगड बसवलेला होता. रोजची भरती तिथवर येत नसे. पौर्णिमेला आणि अमावास्येला भर दुपारी उधाण आलं की मात्र पाणी त्या भेगेच्या वर चढायचं. खेकडा त्या वेळी नांगीने दगड ओढून काढायचा, ताजं पाणी धो धो आत यायचं, आणि समुद्र मागे फिरायच्या आत तो दगड परत बसवायचा. दहा-बारा करवंदं खाऊन होतील एवढाच वेळ लागायचा. पंधरा दिवसांतून एकदा. बस्स.

पण तो दगड वरून सपाट होता, आणि केवड्याची सावली नेमकी त्याच्यावर पडायची. त्यामुळे सभेत अध्यक्षांची जागा तीच. हे कुणी ठरवलं? अर्थात अध्यक्षांनी.

चैत्रातल्या अमावास्येला कासव वाळूत झोपलं होतं. खेकड्याने त्याला उठवलं नाही. दगड काढला, पाणी घेतलं, दगड बसवला. दुसऱ्या दिवशी झुडूप असं मोहरलं होतं की जंगलातले ससे बघायला आले. आता कुणी शहाणा असता तर म्हणाला असता, शाबास. कासवाने सभा बोलावली. मंडळात शिस्त म्हणून काही आहे की नाही, उद्या कुणीही उठेल आणि काहीही काढेल, असं ते बराच वेळ बोललं; आणि सभेच्या मंजुरीशिवाय दगडाला कुणी हात लावू नये असा ठराव मांडला. ठराव अर्धा सांगून झाला होता तेवढ्यात कोल्ह्याने अनुमोदन दिलं.

मग आली वैशाखी पौर्णिमा. कुंडातलं पाणी पंधरा दिवस उन्हात तापत होतं. ते निम्म्यावर आलं होतं आणि झुडपाची टोकं मिटली होती. दोन-तीन तर पांढरी पडली होती. कासवाला ती सकाळीच दिसली. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून त्याने त्याच दुपारी वर्षभराचे कार्यक्रम ठरवायला सभा ठेवली. मोठ्यांना काळजी वाटली की ते सभा घेतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सभा सुरू व्हायच्या आधी खेकडा म्हणाला, "अण्णा, आज उधाण आहे. आधी दगड काढू, मग निवांत सभा घ्या."

"विषयपत्रिकेवर आहे का हा विषय?" कासवाने बगळ्याला विचारलं. बगळ्याने मान हलवली. नव्हता.

"मग ऐनवेळच्या विषयांत मांड. शेवटी असतात ते."

"अण्णा, भरतीला विषयपत्रिका दिलीय का कुणी?"

कोल्हा फिस्सकन हसला; मग कासवाचा चेहरा बघून त्याने खोकला आल्यासारखं केलं. कासव सावकाश दगडावर चढलं, पाय पोटाशी घेतले आणि सभा सुरू झाली असं जाहीर केलं.

आधी मागच्या सभेचं इतिवृत्त. बगळा ते म्हणू लागला. त्यात तिच्याही मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केल्याचा उल्लेख होता, तोही त्याने सगळा म्हटला. उपस्थितांच्या नावांत आपलं नाव तिसरं का, दुसरं का नाही, अशी हरकत कोल्ह्याने घेतली. त्यावर चर्चा झाली. खाली समुद्र कालवांच्या रांगेपर्यंत आला.

मग कार्यक्रम. दर महिन्याला एक व्याख्यान ठेवायचं ठरलं. विषय प्रवाळाची निगा, वक्ते कासव. बाराही महिने तेच, कारण दुसऱ्या कुणाचा एवढा अभ्यास नाही असं कासवाचं मत पडलं. जो रोज कुंडात उतरून शेवाळ खरवडतो तो समोरच बसला होता. मग हरणांसाठी प्रवाळदर्शनाचा दिवस. हरणं कुठे उभी राहतील, स्वागत कोण करेल, पाहुण्यांना खायला काय. हरणं गवत खातात, पण कोल्ह्याने बांगडे सुचवले. मग शेजारच्या खाडीवर सहल. एकादशीला नको, त्या दिवशी आपण मासे खात नाही, असं बगळ्याने सांगितलं. खेकडा म्हणाला, दशमीला रात्री बारापर्यंत काय चालतं ते खाडीतल्या माशांना विचारा. हे वाक्य इतिवृत्तात घेऊ नये असं ठरलं.

पाणी भेगेला लागलं. खेकड्याने तसं सांगितलं. कासव म्हणालं, मध्ये बोलू नये. थोड्या वेळाने पाणी भेगेच्या वर चढलं. खेकड्याने परत सांगितलं. बगळ्याने पाठ करून ठेवलं की सदस्य खेकडा यांनी सभेत दोनदा व्यत्यय आणला.

त्या वेळी चालू असलेला विषय कुठला होता, सांगू? अध्यक्षांचा सत्कार. मंडळाला वीस वर्षं झाली म्हणून शेवाळाची शाल द्यावी असं कोल्ह्याने सुचवलं. कासवाने तीनदा नको म्हटलं. चौथ्यांदा शाल किती लांब असेल ते विचारलं. मग हिरवं शेवाळ की तपकिरी, यावर बोलणं लांबलं. लाटा कासवाच्या शेपटीवर येऊन आपटत होत्या. गार, ताजं, हवं तेवढं पाणी एका दगडापलीकडे उभं होतं, आणि दगडावर अध्यक्ष बसले होते. खेकडा खाली उतरला. भेगेत नांगी घालून त्याने दगड ओढून पाहिला. वर कासवाचं वजन. नांगीला चीर गेली, दगड हलला नाही.

"कोण ढकलतंय रे खालून?" कासव म्हणालं. "बसू द्याल की नाही धड?"

शाल तपकिरी ठरली. तेवढ्यात समुद्र मागे फिरला. आधी बोटभर उतरला, मग वीतभर. खेकडा वर येऊन आपल्या जागी बसला.

"आता ऐनवेळचे विषय," कासव म्हणालं. सगळं मनासारखं झाल्यामुळे ते खुशीत होतं. "बोल, तुझं काय होतं?"

खेकडा म्हणाला की त्याचा विषय आता उरला नाही, तो मागे घेतो. दगड होता तिथेच राहू दे. चौघांनी मिळून शिंपल्यांतून पाणी आणून ओतलं तर झुडूप अमावास्येपर्यंत कसंबसं तग धरेल. तेवढं आजच सुरू करू.

मांडलेला विषय असा मागे घेता येत नाही, असं बगळ्याने निदर्शनास आणलं. कासवाने समजूतदारपणे मान हलवली.

"घे, मंजूर केला तुझा विषय. तरुणांचं आम्ही ऐकत नाही असं नंतर कुणी म्हणू नये."

"माझं अनुमोदन आहे," कोल्हा म्हणाला.

"अण्णा, बाहेरचं पाणी खाली गेलंय," खेकडा म्हणाला. "आता दगड काढलात तर आतलं सगळं वाहून जाईल. एकदा वाकून बघा तरी."

"मघाशी काढा म्हणत होतास, आता काढू नका म्हणतोस. तुम्हा तरण्यांचं एक काही ठरत नाही. वीस वर्षं हे कुंड मी सांभाळतोय, मला शिकवू नकोस."

आणि वीस वर्षांत ज्याने एकदाही त्या दगडाला हात लावला नव्हता ते कासव खाली उतरलं, मागे वळलं आणि पुढच्या पायाने त्याने दगडाला बाहेरच्या बाजूला रेटा दिला. दगड सुटला. घरंगळत खडकावरून खाली गेला आणि दोन कातळांच्या फटीत खोल अडकला. त्याच्यामागून कुंडातलं पाणी निघालं. बगळ्याचं "ठराव सर्वानुमते मंजूर" म्हणून होईपर्यंत कुंडाच्या तळाचे शंख दिसायला लागले. कोल्हा सवयीने आभार मानायला उभा राहिला होता. "अध्यक्षांनी वेळात वेळ काढून..." इथवर तो आला आणि थांबला, कारण कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

मग धावपळ झाली. आता सभा घ्यावी असं एकालाही सुचलं नाही. खेकडा दगडामागे फटीत शिरला, पण चीर गेलेल्या नांगीने तो दगड निघेना. बगळा चोचीतून पाणी आणू लागला. कोल्ह्याने शेपूट समुद्रात बुडवून आणून झुडपावर पिळलं, हे त्याच्या नावावर लिहायला हवं. कासव तोंडात पाणी भरून त्या खडकांवरून वर-खाली करत होतं. कासवाच्या चालीने. त्याने तिसरी खेप आणली तोवर पहिल्या दोन भेगेतून वाहून गेल्या होत्या. मग ते स्वतःच भेगेला पाठ लावून बसलं, की निदान आपल्या अंगाने ती बुजेल. बुजली नाही. कवच गोल होतं आणि भेग वाकडी होती.

वैशाखातलं ऊन होतं. जांभळी टोकं आधी तपकिरी झाली, मग राखाडी. दिवस मावळायच्या आत झुडूप टोकापासून बुंध्यापर्यंत पांढरं पडलं.

कोल्हा हळूच म्हणाला की शोकसभा घ्यायला हवी, दोन मिनिटं उभं राहायला हवं. त्याला अनुमोदन मिळालं नाही. खेकडा झुडपाजवळ गेला, बरोबर आणलेलं शिंपलाभर पाणी त्याने बुंध्याशी ओतलं आणि तिरका चालत खडकाखाली निघून गेला. तो पुन्हा मंडळात आला नाही.

"त्याने मला नीट समजावून सांगायला हवं होतं," कासव म्हणालं. बगळा सगळं पाठ करणारा. त्याला दर वेळी खेकडा काय म्हणाला ते शब्दाशब्दाने ठाऊक होतं. त्याने ते म्हणून दाखवलं. कासवाने मान आत ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी कासव समुद्रात उतरलं. तरुणपणी गेलं होतं त्याच वाटेने गेलं आणि थोड्याच वेळात धापा टाकत परत वर आलं. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी ते गेलं नाही.

प्रवाळ बारा वाव खाली वाढतं. कासवाला आता तीन वावांपलीकडे दम पुरत नाही.

तात्पर्य : वेळेवर सांगणाऱ्याला गप्प बसवलं आणि वेळ टळल्यावर त्याचं ऐकलं, तर ऐकल्याचं पुण्य लागत नाही; उरलंसुरलं होतं तेही जातं.